दिव्याची नोंद

कोजागरीच्या रात्री पतंग मोजायला बसणं हा मूर्खपणा आहे, हे मला बसल्यावर कळलं.

भोर तालुक्यातलं मामाचं गाव. अंगणात एका बाजूला चुलीवर मसाला दूध उकळत होतं. दुसऱ्या बाजूला मी दोरीवर मामीची जुनी पांढरी चादर ताणून बांधली होती आणि तिच्यासमोर पॉवर बँकवर चालणारा यूव्ही एलईडी लावला होता. पतंग म्हणजे इथे आकाशात उडवायचा नव्हे, इंग्रजीत ज्याला मॉथ म्हणतात तो. जगात त्यांच्या सुमारे १ लाख ६० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत, एकट्या भारतात दहा हजारांच्या वर. ते बहुतेक रात्री उडतात, म्हणून त्यांची नोंद करायची सोपी पद्धत हीच: अंधारात दिवा लावायचा, मागे पांढरं कापड धरायचं, जे येऊन बसेल त्याचा फोटो काढायचा आणि वहीत लिहायचं. पाऊस ओसरल्यावरचे दिवस यासाठी चांगले. हवा थांबलेली असते, झाडोरा अजून हिरवा असतो, पावसाळाभर खाऊन मोठ्या झालेल्या अळ्यांचे पतंग बाहेर पडलेले असतात.

त्या रात्री नऊ ते अकरा या दोन तासांत चादरीवर सात पतंग आले. बाकी तुडतुडे आणि एक भांबावलेला नाकतोडा. तेरा दिवसांनी, धनत्रयोदशीच्या रात्री, त्याच अंगणात, तीच चादर, तोच दिवा, तेच दोन तास. या वेळी त्रेसष्ट पतंग झाले आणि पुढे मी मोजायचं सोडलं.

तेरा दिवसांत गावातले पतंग नऊपट झाले असं काही मला वाटत नाही. मोठा फरक चंद्राचा होता. पौर्णिमेच्या उजेडात माझ्या बारा वॅटच्या दिव्याला कोण विचारतो? ही गोष्ट पतंग नोंदवणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असते. म्हणूनच वहीच्या पानावर पहिली नोंद पतंगाची नसते, दिव्याची असते. कुठला दिवा, किती वॅट, किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, चंद्र कुठे होता, वारा होता का. हे लिहिलं नसेल तर ‘सात’ आणि ‘त्रेसष्ट’ या आकड्यांना काही अर्थ नाही.

मामा दुधाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसला होता. थोडा वेळ चादरीकडे बघून म्हणाला, “हा तर आपला प्रकाश सापळाच की रे. भातावरच्या खोडकिड्याला लावतात तसला.”

“तसाच, मामा. फक्त त्यात खाली पाणी आणि रॉकेल असतं. माझ्यात पडून कोणी मरत नाही.”

“म्हणजे नुसतंच बोलावून घ्यायचं, आणि चहापण विचारायचा नाही.”

मी हसलो. पण ‘सापळा’ हा शब्द रात्रभर डोक्यात राहिला. पतंग आणि दिवा या जोडीसाठी आपल्या साहित्याने इतके शब्द वापरलेत, प्रीत, ओढ, मोह, वेड, समर्पण, आहुती, पण हा शब्द त्यांत जवळजवळ कधीच दिसत नाही. तो कृषी खात्याच्या माहितीपत्रकात आहे. आणि मला आता असं वाटतं की या बाबतीत ते माहितीपत्रक कवितेपेक्षा जास्त नीट बघतं.

*

दिव्यावर झेपावणारा पतंग ही आपल्याकडची बहुधा सर्वांत झिजलेली उपमा असेल. कीर्तनापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत आणि तिथून इन्स्टाच्या कॅप्शनपर्यंत ती सगळीकडे आहे. पण सगळीकडे ती एकच काम करत नाही. वेगवेगळे पतंग वेगळे करून बघायला हवेत.

सगळ्यांत ओळखीचा पतंग गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप बघून हादरलेला अर्जुन म्हणतो की पेटलेल्या आगीत पतंग जसे वाढत्या वेगाने नाशाकडे शिरतात, तसे हे सगळे वीर तुझ्या मुखांत शिरताहेत. यात प्रेम नाही, मोह नाही. पतंगाला काय वाटतंय याबद्दल अर्जुन काही बोलतच नाही. तो फक्त वेग बघतो. आग काळाची आहे, ती कोणी लावली हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. मला ही उपमा अजूनही अंगावर येते, कारण ती बघणाऱ्याची आहे. जे दिसलं तेवढंच ती सांगते.

दुसरा पतंग भागवताच्या अकराव्या स्कंधातला. अवधूत यदू राजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत एक पतंग आहे. याच स्कंधावर एकनाथांनी टीका लिहिली, काशीत १५७३ मध्ये पूर्ण केली, आणि ‘एकनाथी भागवता’तून हे चोवीस गुरू मराठी घराघरांत पोचले. हा पतंग गुरू आहे तो काय करू नये हे शिकवणारा. इंद्रियांवर ताबा नसलेला पुरुष स्त्रीचं रूप बघून भुलतो आणि पतंग आगीत पडावा तसा पडतो. पुढे हत्ती स्पर्शाने फसतो, हरीण नादाने, मासा चवीने. रूपाने फसणारा तो पतंग.

इथे उपमेने दोन गोष्टी एकदम केल्या. पतंगाच्या पडण्याला ‘मोह’ हे कारण चिकटवलं, आणि कारण नसताना स्त्रीला आग करून टाकलं. ती बिचारी आपल्या रस्त्याने चालली असेल. तिने कोणाला बोलावलेलंही नाही. आग तरी पेटवावी लागते.

तिसरा पतंग फारसीतून आला. बाराव्या शतकातल्या फरीदुद्दीन अत्तारच्या ‘मंतिक-उत-तैर’मध्ये एक छोटी गोष्ट आहे. पतंगांना मेणबत्तीबद्दल जाणून घ्यायचं असतं. एक जण लांबून बघून येतो आणि वर्णन करतो. म्होरक्या म्हणतो, तुला काही कळलेलं नाही. दुसरा जवळ जातो, पंख भाजून घेतो, परत येतो. तरी उत्तर तेच. तिसरा ज्योतीत शिरतो, तिच्याशी एकरूप होतो. म्हणजे ज्याला कळलं तो सांगायला परत येत नाही, आणि जो परत येऊन सांगतो त्याला कळलेलं नसतं. वही घेऊन बसणाऱ्या माणसाच्या विरोधात इतकी सुंदर गोष्ट दुसरी नसेल. मी तिच्यापुढे हरतो. ईश्वराबद्दल बोलायचं असेल तर कदाचित हेच खरं असेल.

अडचण पुढे होते. हा शमा-परवाना उर्दू गझलेतून, सिनेमातून खाली उतरत आला. वाटेत ईश्वर गळून पडला आणि उरलं ते एवढंच: जळणाऱ्याला जळायचंच होतं. ती त्याची हौस होती. त्याची निवड होती. त्याचं प्रेमच तसं होतं.

*

आता पतंगाला काय होतं ते बघू.

दिव्याभोवती किडे का जमतात याची बरीच उत्तरं दिली गेली आहेत. ते दिव्याला चंद्र समजतात, त्यांना उष्णता हवी असते, त्यांना तो झाडीतून बाहेर पडायचा रस्ता वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि फ्लोरिडाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी दिव्याजवळच्या किड्यांचं उडणं टिपलं होतं. त्यांना दिसलं ते असं, की बरेचसे किडे दिव्याकडे सरळ जातच नाहीत. ते आपली पाठ दिव्याकडे करतात.

हे समजून घ्यायला तुमच्या हातातला फोन पुरे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत एक्सलरोमीटर आहे आणि त्याला खाली कुठे ते कळतं. पण जोरात वळण घेणाऱ्या गाडीत तो फसतो, कारण गाडीचा झटका आणि पृथ्वीची ओढ यांतला फरक एकट्या त्याला सांगता येत नाही. वेगाने उडणारा पतंग कायमच अशा वळणदार गाडीत असतो. मग वर कुठे हे ठरवायचं कसं? उत्क्रांतीने स्वस्त आणि मस्त उपाय काढला: रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. जिकडे उजेड तिकडे पाठ ठेव, तू सरळ उडशील. कोट्यवधी वर्षं हा नियम चुकला नाही. मग आपण दिवे लावले.

आता दिवा बाजूला असला की पतंग त्याच्याकडे पाठ करून तिरका होतो आणि त्या तिरकेपणाने गोल फिरत राहतो. दिवा डोक्यावर आला की पुढचा भाग उचलला जातो, वेग मरतो. दिवा खाली असेल तर तो चक्क उलटा होतो आणि जमिनीवर आदळतो. आपल्याला हे झेप घेणं, घिरट्या घालणं, वेडं होणं वाटतं. त्याच्या बाजूने बघितलं तर तो शेवटपर्यंत एकच प्रयत्न करत असतो: सरळ उडायचा.

सगळेच असं करत नाहीत. कण्हेरीवर आणि तगरीवर ज्याची अळी वाढते तो हिरवट ओलिएंडर हॉक मॉथ प्रयोगशाळेत दिव्यावरून असा सरळ निघून गेला की संशोधकांनाही तो अपवाद म्हणून वेगळा लिहावा लागला. शिवाय हा अभ्यास दिव्याजवळ काय होतं ते सांगतो, दूरवरून किडे तिथवर कसे पोचतात ते नाही. पण जवळचं जे चित्र आहे, ज्याच्यावर सगळी कविता उभी आहे, ते प्रेमाचं नाही. ते दिशा हरवल्याचं आहे.

*

इथे एक रास्त आक्षेप येतो. कवितेला प्राणिशास्त्राची परीक्षा कशाला? चातक काही फक्त पावसाचं पाणी पीत नाही. हंसाला दूध आणि पाणी वेगळं करता येत नाही. म्हणून त्या उपमा फेकून द्यायच्या?

नाही. चातक आणि हंस खोटे असले तरी त्यांच्या खोटेपणाने कोणाचं बिघडत नाही. हंसाला विवेकी म्हटलं म्हणून दुसऱ्या कोणाच्या माथी काही येत नाही. पतंगाची उपमा वेगळी आहे, कारण तिच्यात निकाल आहे. कोणीतरी मेलेलं आहे, आणि उपमा सांगते की दोष त्याच्या इच्छेत होता. हा निकाल देताना ती एक प्रश्न विचारायचाच विसरते: दिवा कोणी लावला? या उपमेत दिवा कोणी लावत नाही. तो सूर्यासारखा असतोच. जळणारा तेवढा जबाबदार.

आणि गंमत म्हणजे पतंगाचं प्रेम बघायचं असेल तर त्यासाठी दिवा लागतच नाही. पुन्हा कृषी खात्याच्या माहितीपत्रकाकडे जाऊ. प्रकाश सापळ्याच्या शेजारी तिथे आणखी एक सापळा असतो: कामगंध सापळा. त्यात मादीच्या गंधाची नक्कल केलेली गोळी असते. तिच्या मागावर त्या जातीचे नर येतात आणि अडकतात. मादी अंधारात बसून हवेत अतिशय सूक्ष्म प्रमाणात गंध सोडते. नराच्या मिशा, म्हणजे शृंगिका, तो गंध हवेतून गाळून घेतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तो तिला शोधत जातो. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांच्या गटाने रेशमाच्या पतंगाचा असा गंध पहिल्यांदा शोधून काढला. बॉम्बिकॉल त्याचं नाव. त्यासाठी त्यांनी लाखो माद्या वापरल्या, कारण एका मादीकडे तो असतोच इतका कमी.

चंद्रासारखा फिकट हिरवा, मागे लांब शेपट्या असलेला मून मॉथ तुम्ही फोटोत तरी पाहिला असेल. प्रौढ झाल्यावर त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. हाताशी साधारण आठवडा असतो आणि त्या आठवड्यात त्याला फक्त जोडीदार शोधायचा असतो. माझ्या दिव्याने त्याची एक रात्र खाल्ली तर मी त्याच्या प्रौढ आयुष्याचा सातवा हिस्सा खाल्ला. प्रेमाच्या आड येणारी गोष्टच आपण प्रेम म्हणून गात आलो. कवीने अंधारात थोडं थांबून वाट बघितली असती, तर त्याला याहून फार चांगली उपमा मिळाली असती.

*

मग पतंगाबद्दल नीट कोणी लिहिलंच नाही का? लिहिलंय. मला व्हर्जिनिया वूल्फचा ‘द डेथ ऑफ द मॉथ’ हा निबंध आठवतो. तिच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये, तो पुस्तकात आला. सप्टेंबरच्या मध्याची सकाळ, बाहेर नांगरट चाललेली, कावळ्यांचा थवा, आणि खिडकीच्या काचेवर दिवसा उडणारा एक साधा पतंग. तिथे दिवा नाही, ज्योत नाही. म्हणून तिला कवींची उसनवारी करावी लागत नाही. तो पतंग कोणावर प्रेम करत नाही. काचेच्या एका चौकोनात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाण्याएवढंच त्याचं आयुष्य आहे आणि ते तो पूर्ण ताकदीने जगतो. दमतो, उलटा पडतो. ती पेन्सिल पुढे करते, मग बाजूला ठेवते. तो एकदा सरळ होतो आणि मरतो.

हा निबंध मोठा आहे. एवढ्याशा जिवाकडे इतका वेळ बघत बसायचं धाडस त्यात आहे. पण चादरीसमोर बसायला लागल्यापासून मी तो वेगळा वाचतो. खिडकी उघडी आहे, हे वूल्फ स्वतःच ओघात सांगून जाते. लहानपणी भावंडांबरोबर कंदील घेऊन पतंग पकडत फिरलेली ही बाई. तिला हे नक्की ठाऊक असणार की काचेवर धडपडणाऱ्या पतंगाला काच दिसत नसते आणि हातभर बाजूला मोकळी हवा असते. तरी निबंध मृत्यू नावाच्या मोठ्या शक्तीकडे बघत राहतो, काचेकडे बघत नाही. मृत्यू अटळ आहे हे मान्य. काच अटळ नव्हती.

याच्या उलट टोकाला आहे अनिर्बान दत्ता आणि अनुपमा श्रीनिवासन यांचा ‘नॉक्टर्न्स’ हा माहितीपट. २०२४ च्या सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. अरुणाचलच्या डोंगरांत मानसी मुंगी ही संशोधक आणि बुगुन समाजातला बिकी हा तरुण रात्रीमागून रात्री वेगवेगळ्या उंचीवर पडदा लावतात आणि त्यावर येणारे हॉक मॉथ नोंदवतात. मानसीच्या या कामाचा धागा आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेशी जोडलेला आहे. चित्रपटात फार काही ‘घडत’ नाही. पडदा, त्यावरच्या चौकटी, पंखांचा आवाज, थंडी, वाट बघणं. बरेच जण त्याला ध्यान लावायला लावणारा सिनेमा म्हणतात. ते खरं आहे, पण मला त्यातली वेगळी गोष्ट आवडली. त्यात दिवा लावणारी माणसं फ्रेममध्ये आहेत. पडदा कोणी बांधला, दिवा कोणी लावला, हे लपवलेलं नाही. पतंग आणि दिवा यांच्या गोष्टीत तिसरं पात्र पहिल्यापासून असतंच, फक्त ते दाखवायचं असतं.

आणि दिव्याची नोंद ठेवली की काय हाती लागतं याचं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. वूल्फ हयात होती त्याच काळात, १९३३ ते १९३६, रोथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स रोज रात्री एक प्रकाश सापळा लावून पतंग मोजत होते. पुढे १९६८ पासून त्याच धर्तीचे सापळे देशभर लागले. सापळ्याची रचना तीच, दिव्याची जात तीच. दिवा बदलला नाही म्हणूनच आकडा बदलला तेव्हा तो पतंगांचा आकडा आहे असं म्हणता आलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. शेती, अधिवास, हवामान अशी बरीच कारणं असतील, आणि रस्त्यावरचे दिवेही त्यांत असू शकतात. हे कुठल्याही ज्योतीत शिरून कळलं नसतं. अत्तारचा म्होरक्या इथे चुकला.

*

आता मी हे सगळं इतकं मनाला लावून का घेतलं ते सांगतो.

दिवसा मी एका ॲपवर काम करतो. माझ्या टीमकडे नोटिफिकेशन्स आहेत. कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत, कुठल्या रंगाचा ठिपका दाखवला की लोक परत येतात, हे आम्ही मोजतो. मागच्या वर्षी रात्री अकरानंतर एक नवीन नोटिफिकेशन सुरू केलं. आकडे छान आले. रिव्ह्यूच्या स्लाइडवर मी स्वतः टाइप केलं होतं की युजर्सना हे फीचर आवडतंय, ते रात्री उशिरापर्यंत थांबताहेत.

त्या वाक्यात मी कुठल्याही गझलवाल्याइतकाच आळशी होतो. माझ्याकडे पुरावा एवढाच होता की लोक आले आणि गेले नाहीत. ‘आवडतंय’ हा शब्द माझा होता. ते दिव्याकडे तोंड करून आले होते, की पाठ करून गोल फिरत होते, हे त्या आलेखात कुठेच नव्हतं. आणि आलेखात आणखी एक गोष्ट नव्हती: आम्ही. दिवा कोणी लावला, किती वाजता, का. आमच्या वहीत दिव्याचा रकानाच नव्हता.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, कदाचित रात्री. ‘स्क्रीनचं व्यसन’ यावर मला प्रवचन करायचं नाही, ते करणारे खूप आहेत. ते प्रवचन तर जुनीच उपमा पुन्हा म्हणतं: पोरांना मोह आवरत नाही, इंद्रियांवर ताबा नाही, पडले आगीत. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की दोन वाजता फोन हातात असलेल्या माणसाला प्रत्येक वेळी तिथे थांबायचंच असतं असं नाही. तो कदाचित सरळ उडायचा प्रयत्न करत असेल.

ते नोटिफिकेशन अजून चालू आहे. पुढच्या रिव्ह्यूला मी ते दहानंतर बंद करायचा प्रस्ताव दिला. आकडे पडतील, म्हणून तो मागे ठेवला गेला. मी नोकरी सोडलेली नाही. माझ्या स्लाइडवर आता ‘आवडतंय’ऐवजी ‘थांबताहेत’ एवढंच असतं. एका शब्दाची दुरुस्ती आहे, फार मोठी नाही.

*

माझाही हात स्वच्छ नाही, चादरीच्या बाबतीतसुद्धा. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं आणि मी दिवा रात्रभर चालू ठेवून झोपलो. पहाटे उठून बघतो तर दोन दयाळ आणि एक कोतवाल चादरीसमोर रांगेत उभं राहून न्याहारी करावी तसे उडून येत होते आणि एकेक पतंग उचलून नेत होते. ज्यांना त्यांच्या रोजच्या सालीवर, पानावर कोणी ओळखलंही नसतं, त्यांना मी पांढऱ्या कापडावर नीट मांडून ठेवलं होतं. खाली शेणाने सारवलेल्या अंगणात नुसते पंख पडले होते. मामीने ते केराबरोबर झाडून टाकले. मला काही बोलली नाही.

दिवाळीत एक फॉरवर्ड दरवर्षी फिरतो: आपले पूर्वज किती हुशार, अमावास्येला पणत्या लावून पावसाळ्यातले किडे संपवायचे. त्याच सणाला आपण पतंगाच्या प्रेमाची गाणीही ऐकतो. दोन्ही गोष्टी एकाच फोनवर, एकाच घरात. एकीत तो कीड असतो, दुसरीत प्रियकर. तो जसा आहे तसा मात्र दोन्हींत नाही.

म्हणून त्या धनत्रयोदशीला मी अकरा वाजता उठलो. चादरीच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठा हॉक मॉथ बसला होता. मामा म्हणाला, “आता कुठे यायला लागलेत, आणि बंद काय करतोस?”

“त्यांना कामं असतील, मामा.”

दिवा बंद केला. डोळ्यांना सवय होईपर्यंत काहीच दिसेना. मग त्या मोठ्या पतंगाचे पंख थरथरायला लागलेले ऐकू आले. उडायच्या आधी ते असे स्नायू तापवून घेतात, थंडीत गाडी गरम करावी तसे. मिनिटभर तो आवाज चालला आणि मग थांबला. तो कुठल्या दिशेने गेला ते दिसलं नाही.

मोबाइलचा टॉर्च लावायचा मोह झाला. नाही लावला. वहीत अंदाजाने, अंधारातच, वाकड्या अक्षरात शेवटची ओळ लिहिली: दिवा बंद, ११ वाजून १० मिनिटं.